समृद्धीवर ड्रायव्हरने झोपायचं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. सहकुटुंब शिर्डीला गेले, साईबाबांचं दर्शन घेतलं आणि त्याच रात्री नागपुरात आपल्या घरी येऊन झोपले. समृद्धी महामार्गामुळे हे जमलं, असं त्यांनी मनापासून लिहिलं होतं. पत्र मला आवडलं, आणि रस्ता चांगला आहे हेही खरं. पण वाचून झाल्यावर मी ते पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. गाडी कोणी चालवली, हे त्यात कुठेच नव्हतं. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी नागपुरात टुरिस्ट गाडी चालवतो. १९९६ पासून स्टिअरिंगवर आहे. आधी दुसऱ्याची ट्रॅक्स, मग अॅम्बेसेडर, मग इंडिका. आता सात वर्षांपासून स्वतःची सात सीटर आहे, पिवळ्या पाटीची. घर मानेवाड्याला. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, त्याच आठवड्यात मी पहिली ट्रिप केली. तेव्हापासून किती वेळा शिर्डी झाली, मोजलेलं नाही. जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तेव्हा मला आनंदच झाला. ज्याने जुना रस्ता चालवला आहे त्यालाच या रस्त्याची खरी किंमत कळते.

जुना रस्ता म्हणजे वर्धा, पुलगाव, कारंजा लाड, मालेगाव (वाशिम जिल्ह्यातलं), मेहकर, सिंदखेडराजा, जालना. शिर्डीला पोहोचायला अख्खा दिवस जायचा. खड्डे, बैलगाड्या, कापसाचे ट्रॅक्टर, बाजाराच्या दिवशी गावात अडकलेली एसटी. त्रास फार होता. पण त्या त्रासात एक गोष्ट होती, ती तेव्हा लक्षात आली नाही. मुक्काम ठरलेला असायचा. सकाळी सहाला नागपूर सोडलं की कारंज्यात चहा, मेहकरला जेवण, संध्याकाळी संभाजीनगरला (तेव्हा औरंगाबाद) हॉटेल. गिऱ्हाईक दमायचं, म्हणून ड्रायव्हरलाही झोप मिळायची. परत येताना तसंच. तीन दिवसांची ट्रिप, दोन रात्रींचा हॉल्ट, दोन भत्ते.

आता फोन येतो तो असा : “भाऊ, पहाटे साडेतीनला निघू, रात्री घरी. हॉटेलचा खर्च वाचते.”

रस्त्याने वाचवलेले तास गिऱ्हाइकाच्या खिशात गेले, टोलवाल्याच्या खात्यात गेले. माझ्या वाट्याला एकच दिवस आला, आणि त्यात तीन दिवसांचं चालवणं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. ही मी घरी बायकोलासुद्धा दीड महिन्याने सांगितली. प्रतापनगरचं कुटुंब होतं. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. चांगली माणसं, तीन वर्षांपासूनचे ओळखीचे. मी रात्री अडीचला उठलो, गाडी पुसली, हवा पाहिली, साडेतीनला त्यांच्या दारात. शिवमडक्याहून समृद्धीला लागलो तेव्हा सव्वाचार झाले होते. दहाच्या आत शिर्डी. दर्शनाला रांग मोठी होती, ते अडीचला बाहेर आले. मधले साडेचार तास मी पार्किंगमध्ये. झोपायचं ठरवलं होतं. मे महिन्यात पत्र्याची गाडी उन्हात उभी असते तेव्हा आत कोणी झोपू शकत नाही. चारही दारं उघडून, सीट मागे पाडून, तोंडावर दुपट्टा घेतला. दहा मिनिटांत पार्किंगचा पोरगा आला : गाडी पुढे घ्या, दारं मिटा, बाजूची गाडी निघायची आहे. पुन्हा दहा मिनिटांनी तेच. शेवटी एका टपरीच्या सावलीत बसून राहिलो. त्या अंगणात माझ्यासारखे चाळीसेक ड्रायव्हर होते. कोणी गाडीखाली गोणपाट टाकून पडलेला, कोणी नळावर डोकं धरून बसलेला.

अडीचला ते आले. म्हणाले, आता इतकं आलोच आहोत तर शनिशिंगणापूर करून घेऊ. केलं. मग संभाजीनगरच्या अलीकडे जेवण. पुन्हा समृद्धीला लागलो तेव्हा रात्रीचे सव्वादहा झाले होते.

जालना गेलं, सिंदखेडराजा गेलं, मेहकर गेलं. गाडीत सगळे झोपलेले. आजोबा माझ्या बाजूच्या सीटवर, मान खिडकीला टेकलेली. मालेगाव सोडल्यानंतर, कारंजा लाडच्या अलीकडे, पाऊण वाजता माझा डोळा लागला.

डोळा लागला म्हणतो, पण डोळे मिटले नव्हते. हे ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल. डोळे उघडे असतात, समोर पांढरी रेघ दिसत असते, हात स्टिअरिंगवर असतात, आणि माणूस तिथे नसतो. खालून घर्रर्र असा आवाज आला. डाव्या बाजूची चाकं कडेच्या जाड पट्ट्यावर चढली होती. मी शुद्धीवर आलो आणि समोर, कडेच्या लेनमध्ये, एक ट्रक उभा. मागचा लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, मागे दोन धोंडे आणि बाभळीची एक फांदी टाकलेली. फांदीची पानं दिसली मला. इतक्या जवळ होतो. स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, जोरात नाही, कारण त्या वेगात जोरात घेतलं तर गाडी उलटते. माझा डावा आरसा त्या ट्रकच्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावरून गेला असेल.

कोणी उठलं नाही. नात एकदा कुशीवर वळली, एवढंच.

ताशी १२० चा वेग म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दोन सेकंद माणूस तिथे नसला तर गाडी ६६ मीटर आपल्या मनाने जाते. हे गणित मी नंतर केलं. त्या वेळी फक्त माझे पाय थरथरत होते, आणि क्लच दाबायला गेलो तर तो दाबला जाईना.

पुढे पंप लागला. तिथे गाडी घेतली, तोंडावर पाणी मारलं, उजेडाखाली गाडी लावून सीट मागे पाडली आणि पडल्या पडल्या झोपलो. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. खांद्यावर हात आला. त्यांच्या मुलाचा.

“काऊन थांबले भाऊ? झोपून राहिले का? आता घरी जाऊनच झोपा ना, दोन तासाचा तर रस्ता राहिला.”

त्याचा दोष नाही. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुढच्या वेळी त्यांनी दुसऱ्याला फोन केला असता. मी गाडी सुरू केली. सव्वातीनला त्यांना घरी सोडलं. त्या दिवशी मीटरवर १,१३४ किलोमीटर झाले होते आणि मला जागं राहून पंचवीस तास होत आले होते. पैसे दिले, वर दोनशे रुपये खुशीने दिले, आजी म्हणाल्या, “नीट जा रे बाबा, झोप आली असेल तुला.” त्या घरात तेवढ्या एकट्या बाईला ते दिसलं होतं.

लोक म्हणतात, ड्रायव्हरला सवय असते. सवय चालवण्याची असते, न झोपण्याची सवय कोणाच्याच शरीराला होत नाही. रात्री दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपोआप सैल पडतं, ते चहाने थांबत नाही. चहा तुम्हाला अर्धा तास देतो, मग व्याजासकट परत घेतो. वळणाचा रस्ता, घाट, गाव, गतिरोधक असला की हातापायांना काम असतं : गिअर बदला, ब्रेक दाबा, हॉर्न द्या. समृद्धीवर नागपूर सोडलं की पाचवा गिअर पडतो तो पडतोच. पाय एका जागी, इंजिनचा आवाज एका सुरात, समोर तीच रेघ. डोळ्याला नवीन काही मिळत नाही आणि मेंदू हळूहळू आपलं दुकान बंद करतो. कशानेही त्यातून सुटका होत नाही, झोपेशिवाय. वीस मिनिटांची खरी झोप सुद्धा माणसाला परत आणते. पण ती वीस मिनिटं घ्यायची कुठे, हाच माझा प्रश्न आहे.

१ जुलै २०२३ ची बस अजून कोणी विसरलेलं नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली, सिंदखेडराजाजवळ रात्री दीडच्या सुमारास उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. तिच्या कारणाबद्दल मी काही बोलणार नाही, तपास करणाऱ्यांचं ते काम. मी फक्त वेळ सांगतो आहे. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणारी मिनीबस ट्रकवर मागून आदळली, १२ जण गेले. तीही मध्यरात्रीचीच. आणि समोर ट्रक.

ट्रक कडेला उभा करणं गुन्हा आहे, दंड होतो, व्हायलाच पाहिजे. माझा जीव जाता जाता वाचला तो अशाच ट्रकपायी, मी त्याची बाजू घेणार नाही. पण त्या धोंड्यांमागे ट्रकमध्ये कोण होतं हेही मला माहीत आहे. माझ्यासारखाच एक जण, ज्याचा डोळा माझ्या अर्धा तास आधी लागायला आला आणि जो शहाणपणाने थांबला. थांबायला जागा नव्हती म्हणून रस्त्यावर थांबला. त्याला उठवून पुढे हाकललं तर तो झोपेत चालवणार. नाही हाकललं तर माझ्यासारखा कोणी त्याच्यावर जाऊन आदळणार. दंडाची पावती फाडून यातलं काहीच सुटत नाही.

आता टोल. टोल द्यायला माझी ना नाही, कधीच नव्हती. समृद्धीवर जितके किलोमीटर तितका टोल ही पद्धत मला पटते. सुरुवातीला कारला किलोमीटरला १.७३ रुपये होता, १ एप्रिल २०२५ पासून २.०६ झाला. नागपूर ते शिर्डी एका बाजूचे हजाराच्या वर जातात, जाऊन-येऊन दोन हजार. गिऱ्हाईक देतं, कुरकुरत देतं. पण एवढे पैसे घेतल्यावर त्यात रस्त्यासोबत काय मिळतं, हे विचारायचा हक्क आहे की नाही? डांबर-काँक्रीटचे पैसे घेतले, कॅमेऱ्यांचे घेतले, रुग्णवाहिकेचे घेतले. गाडी चालवणाऱ्या माणसाच्या पाठीसाठी चार बाय सहा फुटांची जागा त्या हिशेबात धरली का?

पंप आहेत, काही ठिकाणी खायला मिळतं, मुतारी आहे. पण पंपावर झोपू देतील की हाकलतील हे त्या रात्रीच्या माणसाच्या स्वभावावर. मागच्या हिवाळ्यात एका ठिकाणी मला तीनदा उठवलं. डिझेल भरलंत ना, मग निघा. कुठला पंप ते लिहीत नाही, त्या पोरालाही वरून तसंच सांगितलेलं असणार.

टोलच्या रांगेत जाणारा वेळही शेवटी आमच्या झोपेतूनच कापला जातो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय महामार्गावरचा एक प्रसंग. अमरावतीहून एका पेशंट बाईंना नागपूरला घेऊन येत होतो, सकाळी अकराला डॉक्टरांची वेळ. एका नाक्यावर माझा फास्टॅग वाचला गेला नाही. पुढची गाडी अडली होती, मागची अडली, आमच्या लेनचं मशीनच बंद होतं. हातातल्या यंत्राने प्रयत्न झाला, तोही फसला. माझ्या टॅगमध्ये अकराशे रुपये शिल्लक होते, मोबाइलवर दाखवले. तरी म्हणाले, रोख भरा आणि दुप्पट भरा. २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार टॅग चालू असेल, पैसे असतील आणि नाक्याचंच यंत्र बंद असेल तर गाडी पैसे न घेता सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची, असा नियम आहे. मी तो सांगितला. मला बाजूला घ्यायला लावलं. सत्तावीस मिनिटं. शेवटी साहेब आले, त्यांना नियम माहीत होता, त्यांनी सोडलं. पावती मात्र मिळाली नाही. बाईंची वेळ चुकली आणि त्यांना दुपारी चारचा नंबर मिळाला. माझी संध्याकाळची भंडाऱ्याची ट्रिप तशीच पुढे ढकलली गेली आणि मी रात्री दोनला घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पेंच होतं. माझ्यासारख्या सगळ्यांनी हा नियम पाठ करून ठेवावा म्हणून इथे लिहिला.

टोलच्या पासचंही सांगून टाकतो, कारण रोज त्यावरून वाद होतो. १५ ऑगस्ट २०२५ ला तीन हजार रुपयांचा, दोनशे फेऱ्यांचा किंवा एका वर्षाचा पास आला. गिऱ्हाईक म्हणतात, “पास काढला ना तुम्ही, मग टोल कशाचा लावता?” तो पास पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्यांना आहे, आम्हाला नाही. आणि तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, समृद्धी राज्याचा रस्ता आहे, तिथे चालत नाही. जो महिन्यातून एकदा फिरायला जातो त्याला सवलत, आणि जो महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर असतो त्याला नाही. सरकारने टॅक्सीसाठीही असाच एखादा पास काढावा, किंमत वेगळी ठेवा, जास्त ठेवा, पण ठेवा. असो. हा पैशाचा प्रश्न आहे, तो आज ना उद्या सुटेल. माझं पत्र झोपेबद्दल आहे.

टायरबद्दल मात्र दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात दर आठवड्याला कोणाचं तरी टायर फुटतं आणि लोक म्हणतात, सिमेंटचा रस्ता खराब आहे. वाचकांनी आज संध्याकाळी आपल्या गाडीजवळ खाली बसून टायरच्या बाजूला पाहावं. एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलं आहे. नक्षी कितीही शिल्लक दिसो, सहा-सात वर्षांचं रबर आतून कडक होतं. त्यात हवा कमी असली तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सरळ होते. १२० च्या वेगात चाक सेकंदाला सोळा-सतरा फेरे घेतं. एखादी तार तुम्ही हाताने एवढ्या वेळा वाकवली तर ती गरम होऊन तुटते, तसंच आहे ते. आपल्या मेच्या ४५-४६ डिग्रीत शहरात चाळीसने फिरताना जे टायर वर्षभर टिकतं, ते समृद्धीवर तासाभरात जातं. हवा गाडी थंड असताना तपासायची, निघायच्या आधी, रस्त्यात नाही. हे काम मी निघताना रोज करतो, मग भाडं कितीही घाईत असो.

पण टायर मी पाहू शकतो, ब्रेक मी पाहू शकतो. माझी झोप मला दिसत नाही. ती येते तेव्हा पाहणारा जागा राहिलेला नसतो.

१९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेने त्याची जागा घेतली. त्यात ड्रायव्हरला दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असं लिहिलं होतं. पाच किंवा अधिक कामगार असतील त्या मालकाला तो लागू होता. माझ्यासारखा स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर त्यात बसतच नव्हता. आणि जिथे लागू होता तिथल्याही माझ्या मित्रांना तो माहीत नव्हता. लक्झरी बसचा दुसरा ड्रायव्हर कुठे झोपतो, विचारा. कित्येक बसमध्ये तो खाली डिकीत सामानाशेजारी झोपतो, आणि तिथून उठून रात्री दोनला चाळीस माणसं हातात घेतो.

आपल्या विदर्भातच एक गोष्ट फार चांगली झाली आहे, तिचं उदाहरण देतो. नागपूरहून जबलपूरकडे जाताना मनसर ते खवासा हा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे वाघ, बिबटे, रोही, चितळ रस्त्याखालून जावेत म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला आहे. सगळ्यात लांब पूल ७५० मीटरचा. कॅमेरे लावून पाहिलं, खालून वाघ जातात. मी त्या पुलावरून पर्यटकांना नेतो तेव्हा गाडी हळू करून अभिमानाने सांगतो. जनावर कुठून रस्ता ओलांडतं हे आधी पाहिलं आणि मग तिथे वाट करून दिली, म्हणून ते यशस्वी झालं. माणसासाठीही तसंच करा. समृद्धीवर रात्री बारा ते चार एकदा फेरी मारा आणि ट्रक कुठे कुठे उभे असतात ते लिहून काढा. तिथे ड्रायव्हरला झोप येते. तिथेच विसाव्याची जागा द्या. नकाशा आम्ही ट्रकवाल्यांनी आणि टॅक्सीवाल्यांनी रोज रात्री काढून ठेवलेला आहे, कोणीतरी तो फक्त पाहायचा आहे.

आणि मी मागतो तरी काय आहे? वर्धा, कारंजा लाड, मेहकर, जालना, या प्रत्येक ठिकाणी, दोन्ही बाजूंना, रस्त्यापासून आत, उजेडात, ट्रक आणि गाड्या वेगळ्या लावता येतील अशी जागा. एक पत्र्याचं नव्हे, पक्क्या छताचं दालन. आत वीस खाटा, पंखे, उन्हाळ्यात कूलर. नळाला पाणी, स्वच्छ संडास, आंघोळीची सोय. बायकाही गाड्या चालवतात आता, त्यांच्यासाठी वेगळी खोली. दोन-तीन तासांचे पन्नास रुपये घ्या, आम्ही देऊ, फुकट नको. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात एवढंच लिहा की इथे झोपलेल्या ड्रायव्हरला उठवायचं नाही. तो स्वतः उठेल. हजार-दोन हजार टोल घेणाऱ्या रस्त्याला हे जड नाही.

नागपूरकरांनाही एक विनंती आहे. शिर्डी एका दिवसात करायची असेल तर दोन ड्रायव्हर घ्या. नसेल जमत तर एक रात्र तिथे थांबा. हॉटेल बुक करताना ड्रायव्हरला खाट आहे का, एवढं विचारा. तुम्ही विचारलं की हॉटेलवाले देतात, आम्ही विचारलं की नाही म्हणतात. आणि रात्री गाडी थांबली, ड्रायव्हर सीट मागे पाडून झोपला, तर त्याला अर्धा तास द्या. तुमची लेकरं मागच्या सीटवर आहेत, तो त्यांच्यासाठीच झोपला आहे.

मी जूनपासून आधीच सांगतो : एकट्याने एका दिवसात शिर्डी करणार नाही. त्यानंतर माझी चार भाडी गेली. पाचवं टिकलं. प्रतापनगरचेच ते. या वेळी मी त्यांना मे महिन्यातली रात्र सांगितली, सगळी, ट्रक आणि फांदीसकट. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग आजींनी त्याच्या हातून फोन घेतला आणि विचारलं, तुझ्या खाटेचे किती पडतील? शिर्डीत एका धर्मशाळेत दीडशे रुपयांत खाट मिळाली. मी रात्री दहाला पडलो आणि सहाला उठलो. परत येताना सकाळचे अकरा वाजले होते, कारंजा लाडच्या अलीकडे ती जागा आली. ट्रक कधीच गेला होता. दोन धोंडे मात्र अजून कडेच्या लेनमध्येच पडलेले होते. मी पंपाजवळ सुरक्षित जागी गाडी घेतली आणि मदत क्रमांकावर फोन करून ते उचलायला सांगितले.

आपला,
पिवळ्या पाटीचा एक ड्रायव्हर,
मानेवाडा, नागपूर